रेचा, करवत आणि सरकी

कापूस वेंचून घरांत आला म्हणजे तो विकावयास किंवा कांतावयास तयार झाला, असें शहरांतील माणसास वाटतें. वस्तुतः बोंडांतून निघतो तो कापूस म्हणजे रुई आणि सरकी यांची एक घट्ट जोडी असते. वजनानें पाहिलें तर या जोडींत सरकीचाच वांटा मोठा. देशी कापसाच्या तीन मणांतून रुई साधारण एक मण निघते आणि दोन मण सरकी उरते. तरीहि हीं दोन वेगळीं करण्याचीं यंत्रें ज्यांनीं बनविलीं, विकलीं किंवा विकत घेतलीं, त्यांपैकीं बहुतेकांची नजर रुईवरच होती. सरकी ही मागें राहणारी वस्तु. ती घाण्यांत जाईल, बैलांच्या गव्हाणींत जाईल, आणि तिच्यांतलीच थोडी पुढच्या मृगांत जमिनींत पडेल. या थोड्या सरकीनें यंत्रांच्या निवडीवर कसा अंमल चालविला, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालें तेव्हां काय झालें, याचा इतिहास धारवाड, खानदेश आणि वऱ्हाड या भागांत फार चांगला पाहावयास मिळतो.

या देशांत सरकी काढण्याचीं दोन साधनें जुनीं आहेत. पहिलें अगदीं साधें : एक सपाट पाटा आणि एक लोखंडी सळई. पाट्यावर कापूस ठेवून वरून सळई लाटण्यासारखी फिरविली म्हणजे रुई सळईखालीं दबून मागें राहते आणि सरकी पुढें टुणकन् उडते. धारवाडकडे हेंच काम स्त्रिया दगडी पाट्यापुढें लहानशा बैठकीवर बसून पायांनीं करीत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका लाटेनें सरकी काढण्याचें साधन दाखविलेलें आहे असें जाणकारांनीं ओळखलें आहे, त्यावरून ही रीत किती जुनी असेल याची कल्पना येते. दुसरें साधन म्हणजे रेचा. त्यासच कोठें चरक, कोठें चरखी म्हणत. दोन खुंटांमध्यें एकावर एक बसविलेल्या दोन लाटा. एक लांकडाची, दुसरी बहुधा तिच्याहून बारीक व लोखंडाची. दोहोंच्या टोकांस मळसूत्राचे आटे कोरलेले असत, त्यामुळें दांडा फिरविला कीं दोन्ही लाटा परस्परांच्या उलट दिशेनें फिरूं लागत. अलीकडून कापूस लावावयाचा. रुई लाटांच्या फटींतून पलीकडे ओढली जाई, आणि सरकी त्या फटींत मावत नसल्यामुळें अलीकडेच गळून पडे.

या दोन्ही साधनांचा एक गुण त्या काळच्या विलायती पाहुण्यांच्या लक्षांत सहसा आला नाहीं. त्यांत सरकी फुटत नाहीं. साल तडकली, आंतला गर उघडा पडला, तर तें बीं जमिनींत कुजतें. ज्या घरांत कापूस पिके त्याच घरांत तो रेचला जाई, आणि ज्या शेतांतलें बोंड चांगलें त्याची सरकी घरची मालकीण वेगळ्या मडक्यांत घालून ठेवी. म्हणजे सरकी काढण्याचें साधन हेंच बियाणें निवडण्याचेंहि साधन होतें. दोष होता तो एकच, पण मोठा : काम फार सावकाश चाले. १८६० सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढें डॉ. फोर्ब्स वॉटसन यांनीं जो हिशेब मांडला, त्याप्रमाणें साध्या चरकावर एक पुरुष व एक स्त्री मिळून दिवसाला २८ पौंड कापूस साफ करीत. गांवच्या चात्यांना तेवढा पुरे. लँकेशायरच्या गिरण्यांना तो पुरणें शक्यच नव्हतें.

करवतीचें यंत्र मात्र लँकेशायरांत नव्हे, अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत जन्मास आलें, आणि तेंहि सरकीच्या एका अडचणींतून. त्या देशाच्या समुद्रकांठीं लांब धाग्याचा जो कापूस होई, त्याची सरकी काळी व गुळगुळीत असे. ती लाटांच्या साधनानें सहज सुटे. परंतु समुद्रापासून आंत गेलें कीं तो कापूस नीट येईना. तेथें येणाऱ्या कापसाच्या सरकीवर हिरवट लव असून रुई तिला इतकी चिकटलेली असे कीं लाटांनीं ती सुटत नसे. १७९३ सालीं जॉर्जियांत एली व्हिटनी यानें दातेरी लाट बनविली. दांत रुई पकडून गजांच्या अरुंद फटींतून ओढून नेत, सरकी गजांमागें अडकून खालीं पडे, आणि मागें फिरणारा ब्रश दांतांवरची रुई झाडून काढी. पुढें तारेच्या दांतांऐवजीं गोल करवती आल्या. १४ मार्च १७९४ रोजीं व्हिटनीस पेटंट मिळालें. एक माणूस दिवसाला ५० पौंड रुई साफ करील असा त्याचा दावा होता. या यंत्रानें अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाचें पीक अफाट वाढलें. आणि त्याबरोबर तो कापूस वेंचणाऱ्या गुलामांची संख्याहि वाढली, ही गोष्ट यंत्राची स्तुति करतांना विसरली जाऊं नये.

येवढें यश पाहिल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांस वाटलें कीं हिंदी कापूस मळका व आंखूड येतो याचें कारण हिंदी रेचा हेंच असलें पाहिजे. १८१३ च्या सुमारास बर्नार्ड मेटकाफ नांवाच्या गृहस्थास करवती यंत्रें देऊन तिनेवेल्लीकडे पाठविण्यांत आलें. त्यांतून फारसें निष्पन्न झालें नाहीं. मग १८४० सालीं कॅप्टन बेल्स यानें अमेरिकेंत जाऊन कापसाच्या लागवडींत मुरलेले दहा मळेवाले निवडून आणले. त्यांच्याबरोबर यंत्रें आलीं, अमेरिकन सरकी आली, आणि त्यांची वांटणी मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत झाली.

भडोच भागांत हा प्रयोग फसला. कारण उघड होतें. करवतीच्या यंत्रांतील गजांची फट अमेरिकन सरकीच्या मापाची होती. देशी सरकी तिच्याहून बारीक. ती फटींत शिरे, दांतांखालीं फुटे, आणि तिचे तुकडे रुईंत मिसळत. रुईचा धागा मुळांतच आंखूड, तो करवतीनें आणखी तुटे. म्हणजे ज्या यंत्रानें माल सुधारावयाचा, त्यानेंच तो बिघडे. यंत्र वाईट नव्हतें. तें दुसऱ्या सरकीसाठीं केलेलें होतें, इतकेंच. परंतु ही साधी गोष्ट पटावयास पैसा आणि वर्षें दोन्ही खर्च झालीं.

धारवाडास निराळेंच घडलें. तेथें कलेक्टर शॉ यानें या कामांत मनापासून लक्ष घातलें, आणि त्या दहा मळेवाल्यांपैकीं मर्सर हा तेथें येऊन राहिला. धारवाडची काळी जमीन व तेथील हवा न्यू ऑर्लिन्सच्या कापसास मानवली. येथें एक चमत्कारिक गांठ पडली. अमेरिकन सरकीवरची रुई पायाच्या सळईनें नीट सुटत नसे. तेव्हां ज्या शेतकऱ्यानें ती सरकी पेरली, त्याला करवतीचें यंत्र पाहिजेच झालें. आणि ज्या व्यापाऱ्यानें तें महाग यंत्र घेतलें, त्याला तें चालतें ठेवण्यास तीच सरकी पेरलेली शेतें पाहिजे झालीं. बियाण्यानें यंत्र आणलें आणि यंत्रानें बियाणें टिकविलें. १८६० च्या पुढें धारवाडकडील अमेरिकन कापूस लाखाहून अधिक एकरांवर पसरला होता. शेजारच्याच शेतांत कुमठा बंदराच्या नांवानें ओळखला जाणारा देशी कापूस उभा असे, आणि तो मात्र पूर्वींप्रमाणेंच सळईवर निघे. लिव्हरपूलच्या बाजारांत 'करवती धारवाड' ही एक स्वतंत्र जात म्हणूनच गणली जाऊं लागली. एखाद्या कापसास गांवाचें किंवा बंदराचें नांव मिळणें नेहमींचें; यंत्राचें नांव मिळणें विरळा.

मर्सरचा अनुभव येथें मुद्दाम सांगण्यासारखा आहे. हा मनुष्य शिकविण्यास आला होता. कांहीं वर्षें काम केल्यावर त्यानेंच सरकारास कळविलें कीं प्रयोगाचे मळे हा व्यर्थ खर्च आहे. अमेरिकेची लागवडीची पद्धत या देशास लागू पडत नाहीं, आणि येथील हवापाण्याचें ज्ञान असल्यामुळें येथला शेतकरी कोणाहि युरोपियनापेक्षां चांगलें व स्वस्त पीक काढूं शकतो. पगार घेऊन आलेल्या तज्ज्ञानें असें लिहून देणें यांत मोठा प्रामाणिकपणा आहे.

तरी यंत्राचा प्रश्न उरलाच होता. करवतीचे दांत बोथट होत, गज झिजत, ब्रश झडत. झिजलेल्या गजांतून सरकी जाऊं लागली कीं रुईंत तुकडे येत आणि भाव पडे. खेड्यांतल्या लोहाराकडे हें काम होण्यासारखें नव्हतें, म्हणून सरकारनें धारवाडास यंत्रें बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना चालविला. यंत्र विकत घेतांना त्याची दुरुस्ती कोठें व कोणाकडून होईल, हा प्रश्न किंमतीच्या आधीं विचारला पाहिजे, हें ज्ञान धारवाडच्या व्यापाऱ्यांस अशा रीतीनें पदरमोड करून मिळालें. या कारखान्यावर डॉ. फोर्ब्स नांवाचा अधिकारी होता. कापसाच्या इतिहासांत फोर्ब्स नांवाची थोडी गर्दीच आहे; लंडनचे फोर्ब्स वॉटसन निराळे व हा निराळा. करवत सर्वांस पुरणार नाहीं हें ओळखून यानें जुन्या रेच्याकडेच पुन्हां पाहिलें आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ति काढली. वॉटसन यांच्या १८६० च्या हिशेबाप्रमाणें या सुधारलेल्या चरकावर एक माणूस व एक मुलगा दिवसाला २५० पौंड काम करीत. परदेशांतून यंत्र आणण्याऐवजीं घरच्या यंत्राचा दोष काढावा, ही बुद्धि त्या काळांत थोड्यांनाच सुचली.

पुढच्याच वर्षीं, १८६१ सालीं, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या बाजारांत रुईला सोन्याचें मोल आलें. मागणी इतकी कीं गांठींत सरकी, माती, पाणी, जें सांपडेल तें घालून वजन भरण्याचा सुळसुळाट झाला, आणि १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. हातरेचा या घाईस पुरेना. येथें तिसरें यंत्र पुढें आलें. तेंहि अमेरिकेंतलेंच. अलाबामांतील फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं त्याचें पेटंट घेतलें होतें. म्हणजे दहा मळेवाले करवती घेऊन हिंदुस्थानच्या वाटेस लागले, त्याच वर्षीं त्यांच्याच देशांत हिंदी कापसास मानवणारें यंत्र कागदावर नोंदलें जात होतें, आणि त्याचा वास कोणास नव्हता.

मॅकार्थीच्या यंत्रांत करवत नाहीं. कातड्यानें मढविलेली एक लाट फिरते. खरखरीत कातड्यास रुई चिकटते व लाटेबरोबर पुढें जाते. लाटेस घांसून एक स्थिर सुरी बसविलेली असते. तिच्या धारेपाशीं येऊन सरकी अडते, आणि वरखालीं होणारी दुसरी सुरी तिला ठोके देऊन रुईपासून मोकळी करते. रेच्यांतील तत्त्वच येथें आहे : रुईला ओढून न्यावयाचें, सरकीला दारांत अडवावयाचें. लांब धागा तुटत नाहीं, आंखूड धागाहि वाया जात नाहीं, आणि सरकी बारीक असो वा मोठी, जाळीची फट बदलून यंत्र तिच्याशीं जुळवितां येतें. मात्र जुळवावें लागतें. धावत्या सुरीचा ठोका जास्त खोल गेला, किंवा जाळी अरुंद पडून सुटलेली सरकी वेळेवर खालीं गळेनाशी झाली, तर सुरी तिला कापून काढते. गति वाढविली कीं रुई अधिक पडते आणि फुटकी सरकीहि अधिक पडते. पहिली मालकास दिसते. दुसरी पुढच्या पावसाळ्यांत शेतकऱ्यास दिसते. ओल्हडॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांनीं हीं यंत्रें बनवून इकडे पाठविलीं. इंडिया ऑफिसनें मँचेस्टर, धारवाड आणि भडोच येथें निरनिराळ्या यंत्रांच्या चांचण्या घेवविल्या, आणि त्यांवरचा वॉटसन यांचा जाड अहवाल १८७९ सालीं छापला गेला. एकाच यंत्रास सर्व कापूस घालतां येत नाहीं, हें त्यांत वजनाकांट्यानिशीं मांडलेलें आहे. हें आधीं झालें असतें तर बराच पैसा वांचला असता.

१८७० सालीं खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा आला, आणि तेथून पुढच्या तीसेक वर्षांत खानदेश, वऱ्हाड व नागपूर भागांत वाफेवर चालणाऱ्या जिनांचीं धुराडीं उभीं राहिलीं. रुईच्या दृष्टीनें निवड आतां बरोबर झाली होती. सरकीवर मात्र याच वेळीं मोठें संकट आलें, आणि तें यंत्राच्या आंत नव्हतें, यंत्राच्या अंगणांत होतें.

रेचा घरांत होता तोंवर सरकीहि घरांत राही. आतां शेतकरी कापूस गाडींत भरून बाजारांत नेई व तसाच विकी. दहा गांवांचा कापूस एका ढिगांत पडे, एकाच यंत्रांतून निघे, आणि सरकीचा एकच डोंगर आवारांत सांचे. पेरणीच्या वेळीं शेतकरी त्या डोंगरांतून पोतें विकत घेई. त्यांत कोणत्या जातीची सरकी किती, हें खुद्द जिनवाल्यासहि सांगतां येत नसे. वऱ्हाड-नागपुराकडे लांब धाग्याचे जुने वाण याच वाटेनें मोडले. पांढऱ्या फुलांची, आंखूड व भरड धाग्याची एक जात त्यांत शिरली. तिच्या शंभर भार कापसांतून चाळिसाच्या आसपास रुई निघे. इतर देशी वाण त्या मानानें मागें पडत. शेतकरी मूर्ख म्हणून तिला भुलला असें कांहीं साहेबांनीं लिहून ठेवलें आहे. तें खरें नाहीं. धाग्याच्या लांबीचा भाव त्याच्या हातीं पडत नसे, वजनाचा पडे. तेव्हां त्यानें वजन पिकविलें. धारवाडकडेहि अमेरिकन व कुमठा यांची सरकी एकमेकींत मिसळून 'करवती धारवाड' शेवटीं नांवापुरतीच उरली, आणि पुढें त्या मिसळींतून चांगलीं झाडें वेंचून 'गदग नं. १' हा वाण नव्यानें उभा करावा लागला.

१९१७ सालीं सरकारनें मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखालीं कापूस कमिटी नेमली. तिच्या शिफारशीवरून १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली, आणि १९२४ सालीं मुंबईस माटुंग्याला तिची धागा तपासण्याची प्रयोगशाळा उघडली. १९२३ च्या कायद्यानें ठराविक भागांत बाहेरचा कापूस व सरकी आणण्यास बंदी घालण्याची सोय झाली. हेतु हा कीं चांगल्या वाणाच्या टापूंत हलकी सरकी शिरूं नये. १९२५ च्या जिन-प्रेस कायद्यानें कारखान्यांस नोंदवह्या ठेवणें, प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण करणें, आणि कापूस आंत येण्याची व रुई बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवणें हे नियम लावले. कोणतें यंत्र घ्यावें येवढ्यावर न थांबतां, यंत्राभोंवतालची जागा कशी असावी, हाहि विचार येथें प्रथम कायद्यांत आला. कायदा कागदावर जितका नेटका होता तितका अंमलांत आला नाहीं, हें वेगळें सांगावयास नकोच.

त्याच १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ निघाला. सूतकताई करणाऱ्यांस गिरणीच्या गांठींतली दाबलेली रुई नको होती, ताजी मोकळी रुई हवी होती. म्हणून त्यांनीं सलाई-पटरी पुन्हां हातीं घेतली. लांकडी पटरी व लोखंडी सलाई, म्हणजे पायाच्या सळईचीच धाकटी बहीण. तिच्यावरची रुई थोडी, पण सरकी अखंड निघे, व ज्याची त्याच्या घरींच राही.

सरकीचें काम ती सुटल्यावरहि संपत नसे. तिच्या अंगावरची लव एकमेकींत गुंतते, आणि तिफणीमागें बांधलेल्या सरत्याच्या नळींतून ती एकेक करून पडत नाहीं. म्हणून पेरण्यापूर्वीं ती शेणमातींत चोळून, वाळवून, गोटीसारखी करून घेण्याची वऱ्हाडांतील रीत होती. आधुनिक काळांत तेंच काम गंधकाच्या तेजाबानें होतें. एक किलो सरकीस सुमारें १०० मिलिलिटर तीव्र तेजाब, प्लास्टिकच्या भांड्यांत लांकडी दांड्यानें दोनतीन मिनिटें ढवळावयाचें, आणि लव जळतांच भरपूर पाण्यानें धुवून टाकावयाचें. पाण्यावर तरंगते ती सरकी पोकळ. ती फेंकून द्यावयाची. येथें जिनाची परीक्षा आपोआप होते. तडकलेल्या सालीच्या सरकीत तेजाब आंत शिरतें आणि तिचा कोंभ मरतो. भारतांत कापसाच्या प्रमाणित बियाण्याच्या सरळ वाणास निदान ६५ टक्के उगवण व ९८ टक्के शुद्धता लागते. सुरी चुकीची लावलेल्या यंत्रांतून निघालेल्या मालास हा उंबरठा ओलांडणें कठीण.

आतां देशांतील बहुतेक जिनांत दोन लाटांचीं मॅकार्थी पद्धतीचीं यंत्रें चालतात. अमेरिकेंत मैदानी कापसास अजून करवत आणि लांब धाग्याच्या पिमा कापसास लाट अशी विभागणी आहे. २००२ सालापासून बीटी संकरित वाण आल्यावर शेतकऱ्यानें जिनाच्या ढिगांतली सरकी पेरणें जवळजवळ सोडलें. तो दरवर्षीं पाकीट विकत घेतो, आणि जिनाची सरकी तेलाकडे व ढेपेकडे जाते. पाकिटांतलें बीं तयार करणाऱ्या कारखान्यांत तेजाबाचीं पिंपें आहेत, खालून वारा सोडून हलकें बीं वेगळें करणारे उतरते, थरथरते टेबल आहेत, औषधाचा लेप देणारे ढोल आहेत. संशोधनाच्या मळ्यावर मात्र अजून एका लाटेचें लहानसें जिन ठेवतात. एका झाडाचा कापूस त्यांतून निघाला कीं यंत्र थांबवितात, जाळी काढून झटकतात, सुऱ्यांच्या सांध्यांत अडकलेली एकेक सरकी बोटानें उचलून काढतात, आणि मगच दुसऱ्या झाडाची पिशवी सोडतात.